पल्याडची हाळी

कार्तिक वद्य द्वितीया, फसली सन १३२१

मनकर्णे, लिहायला फार उशीर झाला, बापावर रागावू नकोस. दिवाळी सरली, पौर्णिमा सरली, तरी नानांची एक ओळ नाही म्हणून तू जावईबापूंचं डोकं खाल्लं असशील. आधी कागद नव्हता, कागद मिळाला तेव्हा बोरू मोडला, आणि बोरू नीट झाला तेव्हा काळजीच्या नादात काय लिहायचं तेच विसरलो. मठातल्या गोसाव्यानं मला काना-मात्रेपर्यंत शिकवलं आणि तो काशीला निघून गेला. तेव्हा चुकलंमाकलं जावईबापू राधाकिशनरावांनी सांभाळून तुला वाचून दाखवावं. आता रोज थोडं लिहून ठेवीन आणि बाजाराच्या दिवशी पानं धाडीन.

ऐक, तुझा बाप नोकरीला लागला! धारूरचा घाट उतरून बैलगाडीनं अर्धा दिवस गेलं की जहागीरदारांची शिकारगाह लागते. मधोमध मोठं तळं. साहेब लोक पौषात बंदुका घेऊन येणार. तोवर कुणी मासे मारू नयेत, बाभळी तोडू नयेत, पाखरं उठवू नयेत, एवढं पाहायचं. जहागिरीचे कारकून विठ्ठलराव यांनी बांधावर कडुलिंबाखाली राहुटी ठोकून दिली. तिचे दोर मी पुन्हा आवळले, कारण लोक गाठ मारतात ती दाखवण्यापुरती.

एवढी पाखरं मी जन्मात पाहिली नव्हती. सकाळी करकोचे तुताऱ्या फुंकत उतरतात तेव्हा आभाळ हलतं. चक्रवाकाच्या जोड्या आहेत. हळदीकुंकू नावाचं बदक आहे, त्याच्या चोचीच्या टोकाला हळद अन् कपाळाशी कुंकू, जशी काही वाण द्यायला निघालेली सवाष्णच. ढोक दिवसभर मान घालून उभा असतो, अगदी आपल्या तहशिलीतल्या शिपायासारखा. सांजेला काळवीट पाण्यावर येतात. पाणमांजरांचं एक कुटुंब राहुटीसमोरच मासे कुरुकुरु खातं; त्यांना जहागीरदारांची मनाई लागू नाही.

जवळच सटवा धनगराचा मेंढवाडा आहे. त्याची बायको छबुबाई सकाळी दूध आणून देते. दूध पातळ आहे, पण मी बोललो नाही.

आणि तुझ्या कामाची गोष्ट शेवटी. तळ्यात शिंगाडे आहेत, मनकर्णे! पल्याडच्या काठाला वेल नुसता माजला आहे. तुला डोहाळे शिंगाड्याचे लागलेत असा निरोप होता ना?

विठ्ठलराव म्हणाले, एवढं तळं एकट्याला राखवणार नाही, पल्याड दुसरा माणूस आणून बसवतो. बरं होईल. वाऱ्यानं कनात हलली तरी मला धसका बसतो.

कार्तिक वद्य चतुर्थी

दुसरा राखणदार आला. काल दिवेलागणीला मी चुलीत फुंकर घालत होतो, तर पाण्यावरून हाळी आली, “हायेस का रं राखण्याऽऽ?”

माझ्या जिवात जीव आला. आपल्या शिवारात ज्वारी राखताना या माळ्यावरून त्या माळ्यावर हाळी घालतात, तशीच. मी उभा राहून तोंडाला हात लावून ओरडलो, “हाय, हायऽऽ!” राखणीचा रिवाजच तो. हाळीला हाळी दिली नाही तर पलीकडचा समजतो की हा झोपला, नाहीतर मेला.

आवाज बारीक आहे, पुरुषाचा की बाईचा ते नीट कळत नाही. थंडीनं घसा बसला असेल बिचाऱ्याचा. पल्याड दिवा किंवा जाळ दिसला नाही. पहिला दिवस आहे, सरपण ओलं असेल.

कार्तिक वद्य षष्ठी

माणूस मोठा बोलका आहे. काल सांजेला विचारतो, “घरी कोन कोन हाय?”

मी ओरडलो, “एक लेक हाय! मनकर्णा! युसूफ वडगावला दिलीया!”

“आन् तिला लेकरूबाळ?”

“सातवा लागलायऽऽ!”

पुन्हा हाळी आली, डोहाळे कशाचे लागलेत? मी हसून शिंगाड्याचं सांगितलं. तर म्हणतो, “मग धाड की हिकडं. लई हायेत.”

बघ, ना ओळख ना पाळख, तरी किती माया! तुझी आई असती तर तिनं तुझे लाड पुरवले असते. ती नाही, म्हणून माझ्या जिवाला रुखरुख असते. तेव्हा माझं ऐक. सटवा आज बाजाराला निघाला आहे. ही पानं आणि अल्याडच्या काठाला सापडलेले चार शिंगाडे वडगावच्या गाडीवानाकडे देईल. जावईबापूंना सवड असेल तर चार दिवस इथंच ये. पाखरं बघ, ताजे शिंगाडे खा. लहानपणी तू शिंगाडा दातानं सोलायचीस आणि टरफलं पुन्हा मिटवून माझ्यापुढं ठेवायचीस. मी उचलून फसायचो आणि तू टाळ्या पिटायचीस. म्हाताऱ्याला पुन्हा एकदा फसव.

गाडीत गवत जास्त घाला. घाटात बैल धावू देऊ नका.

कार्तिक वद्य अष्टमी

तुम्ही निघालात की नाही कोण जाणे. घाटात आलीस आणि हिसका बसला तर? बोलावलं ते चुकलं की काय, असं वाटत राहतं.

एक गोष्ट आज ध्यानात आली. तळं पाखरांनी भरलं आहे, पण पल्याडच्या काठाला एकही बसत नाही. शिंगाड्याचा वेल पसरला आहे त्याच्या अलीकडेच पाखरांची रांग थांबते, जशी कुणी आखून दिली आहे. तिथं बगळा नाही, टिटवी नाही, पाणकोंबडी नाही. आणि सांजेला हाळी यायच्या जरा आधी सगळं तळं गप्प होतं. एवढा कालवा, आणि एकदम जसं भांड्यावर झाकण पडावं.

हाळीत आता एकच सवाल असतो, “लेक निघाली का?”

मी म्हणालो, निघाली असेल. रोज कशाला विचारतो, असं मनात आलं. पण हाळी टाळवत नाही.

कार्तिक वद्य दशमी

विठ्ठलराव काल घोड्यावरून येऊन गेले. म्हणाले, दुसरा माणूस काही मिळाला नाही, इकडं यायला कुणी तयार होत नाही, आता तूच एकटा सांभाळ.

मी म्हटलं, पल्याड आहे की माणूस. रोज बोलतो माझ्याशी.

ते घोड्यावर बसल्या बसल्या हसले. “म्हाताऱ्या, अफू घेतोस काय बे?” म्हणाले, आणि टाच मारून गेले.

मी दूध न पिता बसून राहिलो. आज सकाळी छबुबाई आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिच्या हातातली चरवी तिरपी झाली, दूध सांडलं, तरी तिचं ध्यान नाही. “मामा, पान्यावरून नाव धाडलंत का कुनाचं?” एवढंच विचारत राहिली. इथले धनगर या तळ्यावर एकमेकांना शिट्टी घालतात, ते मला ठाऊक होतं. मला वाटायचं, मेंढरांसाठी. तसं नाही. दिवस कलला की पाण्यावरून माणसाचं नाव घ्यायचं नाही, आणि कुणी हाळी दिली तर तिला ओ द्यायची नाही, असा त्यांचा रिवाज आहे. मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिची नणंद सुंदरबाई मागं पोटुशी असताना शिंगाडे काढायला आली होती. तिला पल्याडून तिच्या आईनं हाक मारली, तशी ती पाण्यात उतरली, ती वर आलीच नाही. आई त्या वेळी मेंढवाड्यात भाकरी थापत होती.

मी छबुबाईला म्हटलं, पाण्यावरून मी माझ्या लेकीचं नाव सांगितलं. गाव सांगितलं. सातवा सांगितला.

ती पदरानं तोंड झाकून उभी राहिली. मग म्हणाली, पोरीला येऊ देऊ नका.

कार्तिक वद्य एकादशी

सटवा आज पहाटेच वडगावला पायी निघाला. येऊ नको म्हणून तोंडी निरोप दिला आहे. माझं घोंगडं त्याला दिलं. घरी असलात तर तिथंच राहा. वाटेत गाठ पडली तर तो गाडी फिरवेल. पण तुम्ही घाटानं न येता केजच्या वाटेनं आलात तर? मला दुसरा रस्ता सुचलाच नव्हता. आता सुचतो आहे.

सांजेला हाळी आली. मी ओ दिली नाही. कानांत चिंध्या कोंबल्या.

कार्तिक वद्य द्वादशी

काल मी गप्प राहिलो, तर आज ती हाळी पल्याडून आली नाही. तळ्याच्या मधून आली.

मेंढवाडा आज उठला. मेंढरं पाण्याला तोंड लावत नाहीत. छबुबाईनं हात जोडले, मामा, चला आमच्यासंगं. मी गेलो नाही. मनकर्णा निघालीच असली तर ती सरळ या बांधावर येणार. बाप इथं नसला तर ती कुणाला हाक मारील? आणि ओ कोण देईल? मी इथून हलायचं नाही.

छबुबाईनं मला एक शिट्टी शिकवली. माझे दात नाहीत. वारा निघतो नुसता.

कार्तिक वद्य चतुर्दशी

राधाकिशनराव, हे पान तुमच्यासाठी. तिला वाचून दाखवू नका.

आज सकाळी धुकं होतं. राहुटीच्या तोंडाशी शिंगाडे ठेवलेले. ओले. मला वाटलं, सटवा परत आला. एक उचलला तर हलका लागला. टरफलं मिटवून ठेवलेली, आत काही नाही. दुसरा तसाच. सगळे तसेच.

ही खोड मी हाळीत सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती, फक्त त्या पानात लिहिली. सटवाला वाचता येत नाही.

मग हे तिचंच काम का? ती आली आहे का? आली आहे आणि धुक्यात कुठं लपून बापाला फसवते आहे का? बांधावर ओल्या पावलांचे ठसे आहेत. बाईचे. टाच खोल रुतलेली, भारानं चालल्यासारखी. पाण्यातून वर आले आहेत. परत गेलेले दिसत नाहीत.

मी सगळा बांध धुंडाळला. नाव घेऊन हाक मारायची नाही, म्हणून नुसता “ए पोरी, ए पोरी” करत फिरलो.

गाडी नाही. चाकोरी नाही.

कार्तिक अमावास्या

सटवा आला नाही.

पाखरं गेली. एका सकाळीत सगळी. पाणमांजरंही नाहीत. पाणी नुसतं पडून आहे.

दिवे लागायच्या वेळी हाक आली. “राखण्या” म्हणून नाही. “नानाऽऽ” म्हणून.

मी ओ दिली नाही. दिली नाही, राधाकिशनराव — तोंडात पटका कोंबून घेतला. तीच होती. लहानपणी विहिरीवरून मारायची तशी हाक, शेवटी जरा तुटणारी.

ती नसेल. सटवा पोचला असेल. ती तुमच्या ओट्यावर बसून चार शिंगाडे सोलते आहे —

पण तुम्ही निघालाच असाल तर?

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

धुकं. दुपार झाली तरी हटेना. हात लिहिताना दिसत नाही.

सकाळपासून हाक थांबत नाही. आता दिवसाही. अगदी जवळून, काठापासून हातभर. म्हणते, गाडी घाटात मोडली, पायी आले. म्हणते, वाट चुकून पाण्यात उतरले. “नाना, पाय रुतले. नाना, हात द्या.”

गाडी मोडल्याचं तिला काय ठाऊक — ही धास्ती माझी — मी पानात लिहिली — नाही, घाटात बैल धावू देऊ नका, एवढंच लिहिलं होतं —

कळ आली म्हणते.

बाप असून बसून आहे मी. ती नसेल तर मी शहाणा. ती असेल तर —

पानं गुंडाळून कडुलिंबाच्या ढोलीत ठेवतो. सटवा आला की त्याला सापडतील. राधाकिशनराव, हात जोडतो, एवढं वाचलं की लगेच निरोप धाडा. कुणाच्याही हाती. मोठं काही नको. मनकर्णा घरी आहे, एवढं एकच. तेवढं कळलं की मी कान बंद करून जन्मभर इथं बसेन, उतरणार नाही. पण लवकर. आज —

रडते आहे. धुक्यात काही तरी पांढरं वर येतं आणि —

हात आहे. बांगड्या भरलेला. डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या, मीच धाडल्या होत्या — वडगावच्या कासारानंही तशाच भरल्या असतील दुसऱ्या कुणाला —

निरोप धाडा. ती घरी आहे म्हणा. लवकर धाडा, तोवर मी काठापर्यंतच जातो, नुसता काठापर्यंत, पाण्यात पाय न घालता हात लांब करून —

आलो, पोरी, आलो, ओ मनक