अनवाणी तपासलेली वाट

११ जानेवारी
सूर बंदराहून सहा तास गाडी हाणत वाळवंटातल्या तळावर पोचलो. मासळीच्या वासातून सुटलो एकदाचा! काम झकास आहे. सतरा तारखेच्या घोडदौडीची वाट तपासायची; जमीन कुठे कठीण, कुठे भुसभुशीत, हवा किती दमट, ते लिहून द्यायचं. इथला म्हातारा वाटाड्या सालिम बिन हारिब याने तंबूत बसवून भाकरी, मीठ, उंटिणीचं दूध पुढे केलं. माझं पोट बघून म्हणाला, मासेखाऊ पोरा, तुला बघून वाळूसुद्धा हसेल.

१२ जानेवारी
दक्षिणेला मऊ टेकाडं, पुढे गोटे. सकाळी दाट धुकं, दुपारी अठ्ठावीस अंश. मधोमध साबखा, म्हणजे मिठाचं सपाट मैदान. वरून फरशी, खाली चिखल. सालिमने बजावलं, साबखा गाडीतून बघायची नाही. अनवाणी चालायची. टाचेला गारवा लागला की तिथे घोडा घालायचा नाही.

१३ जानेवारी
मीठ तळव्यांना फार झोंबतं. शंभर पावलांत परत फिरलो आणि गाडी कडेकडेने नेली. अहवालात लिहिलं, "कठीण. अनवाणी तपासली." कोण बघायला येतंय?

१४ जानेवारी
नौफा घोडी गेली. तिचा स्वार मुसल्लम तिला सरावासाठी साबखेवर मीच रोवलेल्या निशाणांमधून घेऊन गेला. त्याला दोराने ओढून काढला. ती मानेपर्यंत रुतली, मग दिसेनाशी झाली. शर्यतीच्या पंचांनी विचारलं, वाट कोणी तपासली? मी सालिमचं नाव सांगितलं. तो समोरच उभा होता.
त्याला तळावरून काढलं. उंटावर सामान बांधताना म्हणाला, "माझं मीठ खाल्लंयस. तुला चारचौघांत खोटा नाही पाडणार. तुझं तूच बोल."
मी नाही बोललो. उलट शर्यत आता उत्तरेच्या पट्टीवरून न्या, ती कठीण आहे, असं पंचांना छातीठोक सांगून आलो. तीही मी पाहिलेली नाही. आता नाही म्हटलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. स्वतःचीच किळस येते.

१५ जानेवारी
धुक्यात खुरांचे ठसे. साबखेच्या मधून थेट माझ्या तंबूपर्यंत. एकाच घोड्याचे, खाऱ्या पाण्याने भरलेले. परत गेलेले ठसे नाहीत. कोणी बघायच्या आत पायाने पुसून टाकले.

१६ जानेवारी
ठसे आत. अंथरुणाभोवती.
मुसल्लम आला. माझीच विचारपूस करायला! म्हणाला, खमीसभाऊ, जेवलास का, तोंड उतरलंय तुझं. सांगायचं होतं. चहा छान झालाय म्हणालो. लाज वाटते— फार लाज—

१७ जानेवारी, सकाळ
सत्तर घोडे सुटलेत. मी उत्तरेच्या पट्टीवर, अनवाणी. टाच गार. इथेही गार— सगळीकडेच.
निशाणं उपटली. पण स्वार माझ्याच पावलांचा माग धरून येतील— वायरलेस उचलला, तोंडात मीठच मीठ— आवाज फुटेना. म्हणून लिहितोय. वही काठीला बांधून वाटेत रोवतो.
टापा येताहेत. समोरून नाही— पायाखालून—
मागे फिरा. इथून घोडे नेऊ नका. सालिमने इथे पाऊलही टाकलं नव्हतं. त्याचा काही दोष नाही. खोटं लिहिलं ते—