गिरेगचे सुपाचे भांडे

मी, सोआझिग ल बिहान, वय एक्क्याऐंशी, कै. गिरेग ल बिहान यांची पत्नी, राहणार लोकमारिया, कँपेर, नोटरीबाईंसमोर माझ्या पश्चात काय व्हावे ते सांगत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य ठळक लिहावे, असा माझा आग्रह आहे. मजवर कोणाचाही दबाव नाही. भाचा तांगी मला गाडीतून घेऊन आला, पण त्याला या खोलीत येऊ दिलेले नाही.

१. राहते घर व अंगणातली भट्टी तांगीची बायको मायवेन हिला, एकटीच्या नावावर मिळावी. ‘दोघांच्या नावे करू’ असे जो सुचवील, तो तांगीने पाठवलेला समजावा.

२. मी भांडी रंगवण्यात जन्म घालवला. माझे कुंचले कारखान्यातल्या नव्या मुलींना द्यावेत. माझ्या शेजारी बसून रंगवणाऱ्या बर्नेझला एकही देऊ नये. माझा कोंबड्याचा नमुना तिने आयुष्यभर स्वतःचा म्हणून ताटांवर रंगवला.

३. झाकणाचे सुपाचे भांडे. याबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे.

गिरेगने चाकावर घडवलेले हे शेवटचे भांडे. मी त्यावर निळी किनार आणि पिवळी फुले काढली. ते भट्टीतून निघण्याआधीच तो गेला. रंगवलेले त्याने पाहिले नाही.

गेल्या शरदात माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा चाव्या तांगीकडे होत्या. परत आले तर भांडे जागेवरच होते, पण झाकण ठेवताना आवाज निराळा आला.

“हे माझं भांडं नाही,” मी म्हणाले.

“आत्या, दुखण्यातून उठलीयेस. काहीतरीच मनात घेतेस.”

मग आत्याला विसरायला होतं, असे तो बेकरीतसुद्धा सांगू लागला. एका रविवारी कॉफीला म्हणून डॉक्टर घेऊन आला. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तेव्हा सगळे लक्षात आले. मी वेडी ठरले की चाव्या कायमच्या तांगीच्या खिशात.

मी भांडे उचलले. “तांगी, हे गिरेगचंच ना?”

“शपथेवर सांगतो.”

“मग फुटलं तर आतून लाल निघेल. आमची माती लाल असते.”

“आत्या, खाली ठेव ते! डॉक्टर, बघताय ना?”

माझी चूक असती, तर गिरेगचे शेवटचे काम मी स्वतःच्या हाताने संपवले असते, वर वेडीही ठरले असते. मी भांडे सोडून दिले.

तुकडे आतून पांढरेफटक होते.

डॉक्टर कॉफी तशीच टाकून उठले. तांगी खाली बघत म्हणाला, “नांतमधल्या एका संग्राहकाला विकलं. तुला कुठे कळणार होतं?”

मायवेन चुलीपाशी होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते, निदान ती तसे म्हणते. तिने नवऱ्याला एवढेच विचारले, “पत्ता काय?” दुसऱ्या दिवशी ती आगगाडीने नांतला गेली आणि संध्याकाळी आपल्या कोटात गुंडाळलेले भांडे घेऊन आली. संग्राहकाला काय सांगितले, हे विचारल्यावर म्हणाली, “आत्या, भांडं आलं ना घरी?”

ती जेवली का, हे विचारण्याआधी मी सुरीने भांड्याचा तळ खरवडून पाहिला. लाल निघाला.

“माझ्यावरसुद्धा संशय?” तिने विचारले.

“सगळ्यांवर,” मी म्हणाले. ती हसली. मी नाही हसले. पण भांडे तिचेच. ते काचेच्या कपाटात ठेवू नये, सूप वाढायला वापरावे. फुटले तर फुटले.

४. तांगी. नोटरीबाईंनी विचारले, “भाच्याला काय?” तो माझ्या भावाचा एकुलता एक. मी म्हटले, “इथे जागा कोरी सोडा. जगले तर ठरवीन.”

“कोरी जागा ठेवता येत नाही, बाई. मागाहून कोणीही काहीही लिहील.”

हे मला ताबडतोब पटले. नोटरीबाई कोऱ्या जागेवर रेघ मारू लागल्या, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. म्हणून लिहावे: तांगीला काही नाही. पण तो आला, तर मायवेनने त्याला दारातून परत पाठवू नये.

वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. मी स्वतःही पुन्हा वाचले.

सही: सोआझिग ल बिहान

साक्षीदार: माउदेझ कोरे, पाववाला; आणि रोझेन तालेक, शिंपीण. दोघेही तांगीच्या घरी कधी जेवलेले नाहीत, याची मी खात्री करून घेतली आहे.

कँपेर, ११ एप्रिल २०१९