विठ्ठलराव बोटीत मागं बसले

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
पणजी, दि. २६ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. आईस,
रविचा शि. सा. शरणार्थ, वि. वि.

रुद्राणी सुखरूप पोचली असेल. काजू तिनं फक्त तुझ्यासाठी घेतलेत. अप्पांनी निघताना 'पाण्यात जाऊ नको' म्हणून बजावलं होतं आणि ही दिवाळीची सगळी सुट्टी पाण्यातच होती, तेव्हा अप्पांसमोर काजूची पिशवी धरायची तिला हिंमत नाही.

आता मुद्द्याचं. मी जिथं काम करतो त्या बोटक्लबची फेब्रुवारीत वेकबोर्डची स्पर्धा आहे आणि तिला त्यात उतरायचंय. हा खेळ काय असतो ते एव्हाना तिनं घरात पाटावर उभं राहून दाखवलं असेल. पायांना एकच फळी बांधायची, धावत्या बोटीमागं दोर धरून उभं राहायचं, आणि बोटीमागं पाण्याच्या दोन लाटा फाकत जातात ना, त्यातल्या एकीवरून उडी घेऊन दुसरीच्या पलीकडं उतरायचं. रुद्राणी चार दिवसांत उभी राहिली. लोक इथं आठ-आठ दिवस नाकातोंडात पाणी घेतात. शेजारच्या बोटीवरच्या माणसाला मी ओरडून सांगितलं, की बहीण आहे माझी!

पण उभं राहणं वेगळं आणि ती उडी वेगळी. उडीला मोठी लाट लागते आणि मोठ्या लाटेला मोठी बोट. आमची बोट जड आहे, तिची लाट गुडघ्याच्या वर येते. तेलगावात तसलं काय आहे? आणि कॉलेज बुडवून तिला इथं ठेवता येत नाही. अप्पांचं म्हणणं तू कळवलंस, की रविनं लिहून दिलं पोरगी तयार आहे, तरच पाठवीन. त्यांच्या लेकीला चार लोकांत कुणी हसलेलं त्यांना चालायचं नाही. ते बरोबरच आहे, आणि मी खोटं लिहून देणार नाही. तेव्हा यंदा नको. तिची समजूत तूच काढ, माझं ऐकत नाही ती.

अप्पांना शरणार्थ सांग. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
तुझा,
रवि


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
तेलगाव, दि. १० नोव्हेंबर १९९८

चि. रविस,
आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

कपिलधारच्या यात्रेहून आले तर तुझं पत्र दुकानात तराजूखाली ठेवलेलं. उभ्याउभ्या वाचलं आन् टाळकं सणकलं. समजूत काढ म्हणतोस? कावून काढू? पोरीला फळीवर तूच उभी केलीस, आन् आता तूच म्हणतोस खाली उतर. जेवायला बसवून ताट वढून घ्यायचं, ह्ये आपल्या घरात कुणी शिकवलं रं तुला?

मोठी बोट, मोठी बोट! जातं मोठं आणलं म्हणून पीठ बारीक पडत न्हाई बाबा, दळणारीच्या दंडात जोर लागतोय. तू इसरला असशील, पण माजलगावचं धरण अजून जाग्यावर हाय, आन् त्यात इठ्ठलरावांची बोट हाय. त्यांची जमीन त्याच पाण्याखाली गेली, तवापासून ते धरणाला आपलंच तळं समजतेत. मासेमारीचा ठेका घेतलाय, आन् औंदा लिलावात एक फायबरची बोट घेतली, मागं साठ घोड्यांचं इंजन. मी सरळ गेले आन् म्हणलं, दादा, पोरीसाठी बोट पायजे. ते म्हणले, वहिनी, बोट तुमचीच समजा, फक्त मी संगं असणार.

रविवारी गेलतो, पोरीनं सांगितली तशी फळी सुताराकडनं घडवून घेऊन. त्यांच्या अंगदनं बोट हाकली. पोरगी एका दमात उभी राहिली! धुणं धुणाऱ्या बाया धुणं टाकून बघत बसल्या. सुंदररावची म्हातारी म्हणली, पोरीच्या जातीनं पाण्यावर उभं राहावं म्हंजे आक्रीतच की. म्हणलं, आक्रीत न्हाई, आमची रुद्राणी हाय.

पण लाट मातर घोट्यापस्तोर. पोरगी उडाया गेली आन् बेडकीवाणी टुणकन उठून तितंच बसली. आता मला सांग, लाट कशानं मोठी हुती? मोठी बोट सोडून सांग. आन् पत्रातच लिही. एसटीडीच्या डब्यात बोलायचं म्हंजे सगळं गाव कान लावून असतंय.

तुझे अप्पा ह्यात पडत न्हाईत. पण रविवारी दुकान म्हाळू गड्यावर टाकून मला मोटरसायकलवर धरणापस्तोर त्यांनीच सोडलं.

काजू लई गोड हाईत. तुझ्यावरचा राग संपला की परत लिहीन, तवर आशीर्वाद हाईतच.
तुझी आई,
बसम्मा


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
पणजी, दि. २२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. आईस,
शि. सा. शरणार्थ, वि. वि.

तुझं पत्र मी क्लबात मोठ्यानं वाचून दाखवलं. जात्याचं आमच्या साहेबांनी दोनदा समजावून घेतलं आणि म्हणाले, ही बाई इथं कामाला येईल का?

आता तुझा प्रश्न. बोट नुसती लांब असून लाट उठत नाही. बोट पाण्यात जितकी दबते तितकं पाणी ती बाजूला सारते, आणि तेच पाणी मागं लाट होऊन येतं. मोठी बोट मुळातच जड, म्हणून तिची लाट मोठी. तेव्हा छोट्या बोटीत वजन भरा आणि दोर आखूड करा. अंगदला सांग, वेग एकसारखा ठेव, कमीजास्त झाला की लाट मोडते. धान्याची पोती मात्र भरू नका, भिजून फुगतील आणि अप्पा मला गोव्यातून हुडकून काढतील. माणसंच बसवा. अंगात घालायची तरंगती जाकिटं पाठवतोय, त्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि बोटीला झेपतील त्याहून एकही माणूस जास्त नाही.

एवढं करूनही आमच्या बोटीची सर येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. उगीच पोरीला आशा लावू नकोस. या लाटेवरून त्या लाटेपलीकडं, दोन्ही बाजूंनी उतरल्याशिवाय मी अप्पांना लिहिणार नाही.

राग गेला असेल तर कळव, नसेल तर जाईपर्यंत वाट बघतो.
तुझा,
रवि


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
तेलगाव, दि. १५ डिसेंबर १९९८

चि. रविस,
आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

वजन पायजे हे वाचलं आन् माझा जीव भांड्यात पडला. अरं, वजनाचा आपल्याकडं काय दुष्काळ हाय का? मी हाय, इठ्ठलरावांच्या छबुबाई हाईत, आन् सोता इठ्ठलराव तर एकटेच दोघांच्या जागी. पर तू एक सांगितलं न्हाईस. वजन भरा म्हणलास, पर कुठं भरा?

ऐक काय झालं. बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. इठ्ठलराव जाकीट चढवून सगळ्यात म्होरं जाऊन बसले. तुला तर ठावं हाय, माणूस जीपमधी म्होरं, पंगतीत म्होरं, सभेत म्होरं. ते म्होरं बसले म्हणून छबुबाई त्यांच्यापशी, मोठ्यांना पाठ कशी दाखवायची म्हणून मी छबुबाईपशी. मागं येकटा अंगद इंजनावर. झालं! बोटीनं नाक पाण्यात खुपसलं, आन् हौदावरल्या म्हशीवाणी हालंना. आमच्या मांडीवर पाणी, आन् मागं पोरीला लाट म्हणशील तर ताटात दूध वतल्यागत सपाट.

अंगदला समजलं हुतं. पर बापाला मागं बस म्हणायची त्याची टाप हाय व्हय? त्यो नुसता माझ्याकडं बघाया लागला. शेवटी मीच म्हणलं, दादा, वजन मागं पायजे, तुमी मागं या. माणूस लालबुंद झाला. म्हणले, वहिनी, पंचवीस वरसं गावानं मला म्होरं बसवलं, आन् तुमी मला शेपटीला बसवता? छबुबाईनं पदर तोंडाला लावला, त्या हसत हुत्या का घाबरल्या हुत्या कोण जाणं.

मग पाण्यातनं रुद्राणीनंच हाक मारली. म्हणली, काका, तुमी हितं माझ्याकडं आल्याबिगर मला उडता यायचं न्हाई.

रवि, त्यो माणूस उठला. बोट डुचमळली, आमी दोघी एकमेकीच्या गळ्यात. इठ्ठलराव धोतराचा सोगा धरून गेले आन् पार मागल्या फळीवर, इंजनाच्या धुरात जाऊन बसले. आमी बी मागं सरकलो. अंगदनं इंजन वढलं आन् लाट उठली, आरं, पोरीच्या गुडघ्याला टेकली! रुद्राणी उडाली, पडली, परत उडाली, परत पडली. इठ्ठलराव दर टायमाला वरडून सांगत हुते, ऊठ माझी वाघीण. काठावर आलो तवा म्हणले, आजवर म्होरं बसून मला नुसतं पाणीच दिसलं, बघण्यासारखं सगळं मागंच हुतं.

आता दर रविवारी ते आमच्या आदी येऊन मागं बसलेले असतेत. मला लई अभिमान वाटला, पोरीचा बी आन् त्यांचा बी. राग गेला तुझ्यावरचा.

जेवत जा येळेवर. हिकडची काळजी मी करती, तिकडची तू कर.
तुझी आई,
बसम्मा


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
तेलगाव, दि. १७ जानेवारी १९९९

ती. रविदादास,
रुद्राणीचा शरणार्थ, वि. वि.

डावीकडून उजवीकडं जमलं. उजवीकडून डावीकडं जाताना मात्र तोंडावर आपटते. आई म्हणते, लिही जमलं म्हणून, तवर जमतंय. मी लिहिणार नाही. तुझ्या शब्दावर अप्पा पाठवणार आहेत, आणि तुझा शब्द माझ्यामुळं खोटा पडायला नको.

आमची लाट तुझ्या बोटीएवढी नाहीच. ती मला उचलत नाही, मलाच पायांनी उसळी घ्यावी लागते. मांड्या इतक्या भरून येतात की दुकानाच्या पायऱ्या मी आडव्या पावलांनी उतरते आणि अप्पा दुसरीकडं बघून हसतात. गावातल्या बायका काय काय बोलतात ते लिहीत नाही. आई त्यांना पुरून उरते.

हे पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज चोवीस तारीख. दादा, जमलं! दोन्ही बाजूंनी, एकदा नाही, पुनःपुन्हा. विठ्ठलकाका बोटीत उभे राहून नाचायला लागले, तेव्हा अंगदनं त्यांना हात जोडून खाली बसवलं. आता तुला काय लिहायचं ते लिही. नाही लिहिलंस तरी मी रुसणार नाही, फक्त तुझ्याशी बोलणार नाही.

तुझी माया अशीच राहू दे, पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
रुद्राणी


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
पणजी, दि. १ फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप अप्पांस,
रविचा शि. सा. शरणार्थ, वि. वि.

रुद्राणी तयार आहे. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण जी मुलगी आधी पडल्याचं लिहिते, तिनं जमल्याचं लिहिलं तर मी ते खरं मानतो. इथल्या मोठ्या लाटेवरून उडी तिला नवी आहे, तेव्हा ती पडेलही. पण अप्पा, पडली म्हणून हसणारा कुणी निघाला तर त्याच्यासाठी मी आहे.

तिला पाठवा. जमलं तर तुम्हीच घेऊन या. तुमच्या पायांची धूळ माझ्या खोलीला अजून लागलेली नाही.
आपला,
रवि


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
पणजी, दि. १ मार्च १९९९

ती. सौ. आईस,
शि. सा. शरणार्थ, वि. वि.

आई, दुसरी आली! पहिली आली ती मुंबईची मुलगी पाच वर्षं हेच करतेय. अप्पा आणि रुद्राणी उद्या रात्रीच्या गाडीनं निघतील, पण तोवर माझ्यानं राहवत नाही.

पहिल्या फेरीत पोरगी पडली. तिनं सवयीनं पायांनी उसळी घेतली आणि वरून आमच्या लाटेनंही उचललं, त्यामुळं एवढी उंच गेली, की उतरायचं कुठं हेच तिला कळेना. उडीच्या सरावाला आठ दिवस जरी मोठ्या बोटीमागं मिळाले असते तर ती पडली नसती, एवढं माझं खरं ठरलं. पण दुसऱ्या फेरीत तिनं उसळी आवरती घेतली आणि दोन्ही बाजूंनी अशी उतरली, की पाणी फारसं उडालंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, आमची मुलं लाटेच्या जिवावर उडतात, ही स्वतःच्या पायांवर उडते. एवढं तुझं खरं ठरलं, आणि ते जास्त खरं ठरलं.

अप्पा कुठं होते माहितीय? बुटांसकट गुडघाभर पाण्यात. कुणी न विचारता शेजारच्या माणसाला सांगत होते, माझी लेक आहे, तेलगावची. मग त्याच्या पलीकडच्याला. मग मला धरून म्हणाले, माझी लेक आहे. म्हटलं, अप्पा, मला माहीत आहे. तर रडायलाच लागले, आणि मीही.

साहेब आमची जुनी बोट काढून टाकणार आहेत. तुमच्या बोटीपेक्षा मोठी आहे. तुम्हाला हवी का, म्हणून विचारताहेत. तू नको म्हणशील हे ठाऊक आहे, तरी विचारायचं काम केलं.

विठ्ठलकाकांना माझा दंडवत. तुला काय सांगू, तू आहेस म्हणून सगळं आहे.
तुझा,
रवि


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
तेलगाव, दि. १६ मार्च १९९९

चि. रविस,
आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोरीला मी दारात ववाळलं. इठ्ठलरावांनी फटाक्यांची माळ लावली, आन् तुझे अप्पा दुकानात तेल मागाया आलेल्याला बी आदी गोवा सांगतेत, मग तेल देतेत. माझी छाती कशी फुगली ते लिहून कळायचं न्हाई. आपली पोरगी हाय रं ती, आपल्या धरणाच्या पाण्यात शिकलेली.

आता बोटीचं. उडी शिकायला मोठी बोट लागत न्हाई, ह्ये मी तवा बी म्हणत हुते, आज बी म्हणती आन् मरस्तोर म्हणीन. लाट घोट्याएवढी असली तरी पायात जोर असला म्हंजे झालं.

पर परवाच्या रविवारी धरणावर गेलो, तर काठावर पोरींची रांग. सुंदररावच्या दोघी नाती, छबुबाईची सायली, धारूरहून आलेल्या दोघी, आन् मला नावं बी ठावं न्हाईत अशा कितीक. सुंदररावची म्हातारी, ती आक्रीत म्हणणारी, नातींचे कपडे धरून उभी. एक फळी, एक बोट. अंधार पडस्तोर निम्म्यांची बी पाळी आली न्हाई, आन् ज्यांची ऱ्हायली त्या रडत घरी गेल्या. परत जाताना एकीनं माझा पदर धरून इचारलं, मावशी, पुढल्या रविवारी तरी माझी पाळी येईल का?

रवि, साहेबांना सांग, मोठी तर मोठी, ती बोट पायजे.

सगळ्यांचा जीव तुझ्यावर हाय, तुझा बी आमच्यावर ऱ्हाऊ दे.
तुझी आई,
बसम्मा