जाळं ओलांडणारी पोर

बा, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून आधीच सांगते की मी जे काम करते त्यात वाचायचं कमी आणि बघायचं जास्त असतं. मी चित्रकथा काढते. चौकोनात चित्र, बाईच्या तोंडाशी फुगा, फुग्यात तिचं बोलणं. नागपूरला राहते, दिवसा शाळेत पोरांना आंबे आणि डोंगर काढायला शिकवते, उरलेल्या वेळात हे. मालिकेचं नाव ‘बाकीच्या’. एका सकाळी जगातले सगळे पुरुष नाहीसे होतात. वरठी स्टेशनात गाडी उभी, इंजिनात कोणी नाही. कारखान्यासमोर मोटारसायकलींची रांग तशीच, न्यायला माणूस नाही. उरतात त्या बाया, म्हाताऱ्या आणि पोरी. त्यांनी जगायचं कसं, याची ही गोष्ट. विजेच्या खांबावर कोण चढणार, ट्रॅक्टर कोण हाकणार, आपल्या तलावात डोंगा कोण वल्हवणार, यावर सहा भाग निघाले. कॉलेजातल्या पोरी मोबाइलवर वाचतात आणि मला पत्रं टाकतात. सगळ्यांचा एकच प्रश्न, की पुरुष गेले कशाने? पुण्याची जी बाई छापते तीही तेच विचारते. कोणाला रोग वाटतो, कोणाला बॉम्ब. मला कारण पहिल्या पानापासून माहीत होतं. सहा भाग मी ते दाबून ठेवलं आणि सातव्यात काढलं, कारण आता दाबवेना. कारण असं, की एका पोरीनं जाळं ओलांडलं.

बाईनं जाळं ओलांडायचं नाही. आपल्या मासेमारांच्या मोहल्ल्यात हे कोणी मुद्दाम शिकवत नव्हतं, पोरगी चालायला लागली की तिला कळायचंच. ओलांडलं तर मासा लागत नाही म्हणायचे. आणि म्हाताऱ्या आवाज उतरवून पुढचं सांगायच्या, की जाळ्याच्या मालकाला पाणी ओढतं. मी दहा वर्षांची होते. सकाळची वेळ, अंगणात तू लांब जाळं पसरून ठेवलेलं, ओसरीवर तुझा मोठा भाऊ, आमचा मोठाबा, चहा पीत बसलेला. आईनं खाटेवर वड्या वाळत घातल्या होत्या. मी दारातून बघते तर बकरीनं खाटेवर पुढचे पाय ठेवलेले आणि तोंड वड्यांत. मी “हुड हुड” करत धावले. वळसा घालायचं सुचलंच नाही, एका उडीत जाळ्यावरून पलीकडे. बकरी पळाली. मी वळले तर तू समोर. तू मला त्याआधी कधी हात लावला नव्हतास, बा. कानाखाली अशी बसली की मी बकरीच्या खुंट्यावर जाऊन पडले. “ढोर आहेस का, ढोर?” तू म्हणालास. मोठाबानं नुसता कप खाली ठेवला. मग तू तेच जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेलास. दुपारी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी तुला पाण्यातून काढलं.

आता तूच सांग, दहा वर्षांच्या पोरीनं याचा काय अर्थ लावावा? मी लावला तो लावला आणि कोणाला सांगितला नाही. मोठाबा माझ्याकडे बघायचा, की बघतोय असं मलाच वाटायचं, कोण जाणे. सहावीपासून मी भंडाऱ्याला हॉस्टेलात गेले, मग नागपूर, मग लग्न. पण जमिनीवर पडलेलं काहीही मी ओलांडत नाही. दोरी, वायर, पाण्याचा पाइप, सगळ्याला वळसा. नवरा टीव्हीसमोर पाय पसरून बसला तरी सोफ्यामागून जाते. सासू लोकांना सांगते, आमची सून फार वळणाची. मी मनात म्हणते, वळणाची कसली, मी बाप मारून आले आहे. हसू नकोस. बत्तीस वर्षं मी हे असंच, याच शब्दांत स्वतःला सांगत होते.

तर सातव्या भागाची पानं तयार झाली आणि छापायला द्यायच्या आधी वाटलं, आईला दाखवावी. का वाटलं, सांगता येत नाही. कदाचित तिनं एकदाची शिक्षा द्यावी म्हणून. आई आता बाजारात मासे घेऊन बसत नाही, गुडघे गेले तिचे. पण शेजारीण मोहाडीच्या बाजारात जाताना तिच्यापुढे झिंग्यांची टोपली ठेवून जाते आणि आई दिवसभर ते निवडते. मी गेले तेव्हाही निवडतच होती. हात पुसले, चष्मा लावला, पानं गुडघ्यावर घेतली. तिलाही अक्षर येत नाही, पण चित्र ती अशी बघते की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं.

“हे कोन वो?”

“तू.”

“मी एवढी जाडी कधी होती?”

मग पान उलटलं आणि थांबली. त्या चित्रात आई अंगणात जाळं शिवते आहे आणि मागून पोरगी धावत येते आहे. पुढच्याच चौकोनात उडी. आई चित्रावर बोट आपटून म्हणाली, “हे चुकलं तुझं.”

“काय चुकलं?”

“हे बाई जाळ्याच्या काठावर बसून शिवून राहिली. अन् मंधातलं छिद्र कोन शिवन, तुझा मामा?”

मी म्हटलं, मग कसं शिवायचं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली जसं मी भात कसा शिजतो ते विचारलं. “मंधात बसून. एवढं मोठं जाळं, त्याले दिवसभर वळसे घालत बसली असती तर तुमाले रांधून कोनं घातलं असतं?”

“म्हणजे तू ओलांडायचीस?”

“रोज ओलांडो. तुझी आजी ओलांडे. साऱ्याच ओलांडत. जाळं शिवाले बसली की पोरीले आपोआप समजे. आता हे का बोलाची गोष्ट आहे?”

मी जाळं शिवायला कधी बसलेच नव्हते ना, बा. बाकीच्या पोरी बाराव्या-तेराव्या वर्षी हातात सुई घेऊन जाळ्यात उतरल्या आणि मोकळ्या झाल्या. मी तेव्हा हॉस्टेलात भूगोल पाठ करत होते. शिकायला गेले आणि एवढं एक शिकायचं राहून गेलं. मी आईला विचारलं, “बाले माहीत होतं का?”

“काहून माहीत नसन? आंगनात यायच्या आंधी खोकले तो. मी उठून बाहेर होवो, मंग तो ये.”

तुझा तो खोकला! मला तो नीट आठवतो. कवेलूच्या छपराच्या कोपऱ्याशी दोनदा खोकलायचास, मग जरा थांबायचास. मला वाटायचं बिडीनं छाती खराब झाली आहे, आता काही हा फार दिवस जगत नाही. आणि तू बायकोला जाळ्यातून बाहेर पडायला वेळ देत होतास, लबाडा.

“मग मले कायले मारलं?” माझा आवाज चढला होता. बेचाळीस वर्षांची बाई मी, आणि दहा वर्षांच्या पोरीसारखी भांडत होते.

“ओसरीवर तुझा मोठाबा होता ना बसून. त्याच्या डोयासमोर झालं. मोठ्या भावापुढं काय करन तो? खोकलन का?” आईनं एक झिंगा सोलून बाजूला टाकला. “मारून मंग त्यालेच कसंतरी झालं होतं. जेवला नाही नीट.”

“अन् डोंगा कायनं बुडाला?”

“वारा होता बाई त्या दिवशी. अन् खालची फळी सडेल होती, मी चार डाव सांगतलं त्याले. मानूस आयकते का?”

आणि मग तिनं शेवटचं पान बघितलं. जाळ्यापलीकडे उभी पोरगी, आणि गावात एकही पुरुष नाही. तिनं चष्मा काढला. “तुले हे वाटे? इतके वर्सं?” मी मान हलवली. “अवदसे! मले विचारलं काहून नाही वो?” म्हणाली आणि मला झिंग्यांच्या हातांनी जवळ ओढलं. मी रडले, बा. चांगली भोकाड पसरून रडले. मग मलाच हसू आलं, कारण तोंडाला, केसांना सगळा झिंग्यांचा वास. त्या दिवशी मी तीन वेळा भात घेतला. आई म्हणाली, नागपूरले उपाशी ठेवतात का? मला इतकं हलकं वाटत होतं की काही खाऊन जड व्हावं म्हणून खात होते बहुतेक.

रागही आला. तो आधी तुझा आला, मग साऱ्या मोहल्ल्याचा. ज्या गोष्टीवाचून एक दिवस काम चालत नाही तिलाच पाप म्हणायचं, आणि घरातल्या घरात सगळ्यांनी खोकून निभवायचं! ज्या पोरीला वेळेवर कळलं नाही ती मरो. पण राग टिकला नाही. एस.टी.त बसेपर्यंत उतरला. सातव्या भागाची शेवटची चार पानं मी परत काढली. आता ती पोरगी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बायांपुढे कबूल करते, मी जाळं ओलांडलं, माझ्यामुळे गेले सगळे. मग एक म्हातारी म्हणते, मी तर रोज ओलांडो. मग दुसरी, मग तिसरी, आणि व्हरांडाभर हसू. पुण्याची बाई फोनवर म्हणाली, छानच झालंय, पण मग पुरुष गेले कशाने? मी म्हटलं, मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. हे म्हणताना मला जे सुख झालं ते त्या बिचारीला कसं कळणार?

एवढंच लिहायचं होतं. पाठवायचं कुठे, तुझा काही पत्ता नाही, आणि आईकडून वाचून घ्यावं तर तीही तुझ्यासारखीच. पण हे तिच्या कानावर जाणार नाही म्हणूनच एक राहिलेलं लिहिते. जाळं घेऊन निघताना तू दारात थांबून म्हणाला होतास, “आल्यावर पाहतो तुले.” दिवसभर मी त्या वाक्याला भीत बसले होते. दिवे लागायची वेळ झाली, तू आला नाहीस, आई सारखी फाटकाशी जाऊन बघत होती आणि मी चुलीजवळ बसून देवाला म्हणत होते, अजून थोडा उशीर होऊ दे. उशीर होत गेला तसा मला आनंद होत गेला, बा. जाळ्याचं आईनं सोडवलं, हे तिला सोडवायला दिलेलंच नाही. दुसऱ्या कोणाच्या पोरीबद्दल ऐकलं असतं तर मीच हसून म्हटलं असतं, मार चुकला की आनंद होणारच ना लेकराला. स्वतःला तसं म्हणायला अजून थोडे दिवस लागतील.