आठ सेंटिमीटर

प्रिय धाकट्या,

तळ, दोन्ही बाजू, चौदा फासळ्या, बसायचे दोन पाट, डोलकाठी, सुकाणू, वल्ह्यांच्या दोन जोड्या, शिडाच्या कडेच्या बत्तीस पितळी कड्या, पाणी उपसायचं भांडं, सामानाची पेटी आणि तिचं झाकण, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. शीड तुझ्या वहिनीच्या मशीनवर शिवलं, पण शिवलं मीच. तिनं फक्त सुईत दोरा ओवून दिला, कारण माझा चष्मा वर्कशॉपमध्ये राहिला होता. विकत आणलं ते स्क्रू, इपॉक्सी, दोर, नांगर आणि दोन लाइफ जॅकेटं. यादीत एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती पुढे येईल.

गेल्या महिन्यात तुझी वहिनी आणि मी या होडीतून मोठं सरोवर पार केलं. एकशे चार किलोमीटर, चार दिवस पाण्यावर आणि मध्ये एक दिवस मुक्काम. आईकडून तुला कळलंच असेल. तुझ्या बातम्या ती मला हवामान सांगावं तशा सांगते, काही विचारलेलं नसताना, भाजी चिरता चिरता. माझ्याही तुला तशाच सांगत असणार. आपण दोघं बोललो नाही त्याला एकोणीस महिने झाले. तिच्या पंचाहत्तरीला भरल्या घरात तू विचारलंस, दादा, मी पाठवलेलं होडीचं ड्रॉइंग बघितलंस का. मी म्हणालो, शेगडीत घातलं, कागदाच्या होड्या लहान पोरंही करतात. तू ताट तसंच ठेवून उठलास. त्यावर कोण हसलं हे मला आठवतं. मी हसलो नव्हतो, पण थांबवलंही नाही कुणाला.

पहिल्या दिवशी वारा पाठीमागून होता. एकतीस किलोमीटर झाले, शिडाला हात लावावा लागला नाही. संध्याकाळी काठावरच्या एका शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकली. दुसऱ्या दिवशी वारा साफ पडला आणि दिवसभर वल्ही मारली. तुझी वहिनी सुकाणू धरून बसली होती. तिला त्यातलं काही येत नाही असं मी धरून चाललो होतो. दुपारपर्यंत ती माझ्यापेक्षा सरळ रेषेत नेत होती आणि तोंडही चालूच होतं. अहो, लग्नाआधी माझी उंचीसुद्धा विचारली नव्हतीत तुम्ही, आणि या फळीला सात वेळा टेप लावलीत. मी म्हटलं, फळी बदलून मिळत नाही. ती म्हणाली, मग बायको मिळते वाटतं? त्यानंतर मी तासभर जोरात वल्ही मारली. हाताला चार फोड आले, डाव्याला तीन, उजव्याला एक.

तिसऱ्या दिवशी सरोवराचा सगळ्यात रुंद भाग होता. तिथं पाच तास कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. साडेअकरापर्यंत सगळं ठीक होतं. मग वारा फिरला आणि लाटा डाव्या बाजूनं यायला लागल्या. फार मोठ्या नव्हत्या, गुडघ्याएवढ्या असतील. पण दर चौथी-पाचवी लाट होडीच्या काठावरून आत यायची. आधी नुसती तळाची फळी ओली झाली, नंतर पाणी घोट्यापर्यंत आलं आणि पेटी तरंगायला लागली. मी शीड उतरवलं, होडीचं तोंड लाटेकडे केलं आणि वल्ही धरली. तुझी वहिनी भांड्यानं पाणी उपसत होती. मी तिला सांगत होतो, एकशे नव्वद झाली, एकशे एक्याण्णव झाली. ती ओरडली, मोजू नका हो, वल्ही मारा! पुढचं मी मनात मोजलं. भांडं चार लिटरचं आहे. दोन तास चाळीस मिनिटांत चारशे छत्तीस भांडी झाली, त्यातली शेवटची साठेक मी उपसली, कारण तिचे हात वर होईनात. पोहणं आम्हा दोघांनाही येतं, पण तिथून किनारा पोहण्याएवढा जवळ नव्हता. हे आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आता राहिलेली गोष्ट. ड्रॉइंग मी शेगडीत घातलं नव्हतं. तू पाठवलेल्या नळीतून काढून वर्कशॉपच्या दारामागे लावलं होतं. दार उघडं असलं की दिसायचं नाही, त्यामुळे दिवसभर कुणाला दिसलं नाही. होडी त्यावरूनच केली. तळाचा बाक, फासळ्यांमधलं अंतर, डोलकाठीची जागा, सगळं तुझं. लेथवर मी तीस वर्षं शिकलो ते कुणी न शिकवता, आणि पाण्याचंही तसंच येईल असं मला वाटलं होतं. ते आलं नसतं. पहिल्या दोन फासळ्या मी माझ्या अंदाजानं कापल्या होत्या, त्या सरपणात गेल्या.

एकच गोष्ट बदलली. काठाची उंची तू बावन्न सेंटिमीटर दिली होतीस आणि शेजारी लाल अक्षरात लिहिलं होतंस, दादा, यात काही बदलू नकोस. ते लाल अक्षर मला झोंबलं. मी वर्कशॉपमध्ये पाटावर बसून हवेत वल्ही मारून बघितली, कोपर काठाला लागत होतं. मी काठ आठ सेंटिमीटर खाली आणला. तुझी वहिनी तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, अहो, पाट उंच करा की. मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतं. तिसऱ्या दिवशीचं सगळं पाणी त्या आठ सेंटिमीटरांतून आत आलं.

संध्याकाळी एका लहान गावाच्या धक्क्याला लागलो. दुसऱ्या दिवशी तिथला एक सुतार शोधला. तरुण माणूस, कानाला पेन्सिल. होडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, काका, होडी झकास आहे, पण काठ असा बुटका का ठेवलात? मी काही बोलायच्या आत तुझी वहिनी म्हणाली, ड्रॉइंगमध्ये उंच होता, आमच्याकडे वाचणारं कुणी नव्हतं. तो हसला. मलाही हसावं लागलं. त्याच्याकडून दोन फळ्या घेतल्या, पण बसवल्या मीच, आठ सेंटिमीटर दोन्ही बाजूंना, आणि पाट वर उचलले. कोपर लागलं नाही. शेवटच्या दिवशी वारा तोच होता, बाजूही तीच. लाट यायची, काठापर्यंत चढायची आणि खालून निघून जायची. भांडं पेटीतून काढावंच लागलं नाही. त्याचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. तू तिथं असायला हवा होतास, एवढं मात्र वाटलं.

लिहायचं कारण असं, की पलीकडच्या काठावर होड्या भाड्यानं देणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी आमची होडी पाण्याबाहेर ओढायला मदत केली, मग चक्क जमिनीवर आडवे होऊन तळ बघितला आणि अशा आठ करून मागितल्या. करारात एक रकाना होता, रचनाकाराचं नाव. त्यांनी पेन पुढे केलं आणि म्हणाले, इथं तुमचंच नाव ना? तुझी वहिनी दोर गुंडाळत राहिली. माझं नाव तिथं बसत नव्हतं, आणि तुझं नाव तुला न विचारता घालायचा हक्क मी आईच्या पंचाहत्तरीला घालवला होता. मी रकाना कोरा ठेवून कागद परत केला. त्यांना वाटलं, मी भाव वाढवतोय. त्यांनी दर होडीमागे दहा हजार वाढवले, तरी मी नको म्हणालो. त्यांचा पत्ता पाकिटात आहे. ड्रॉइंग तुझं आहे, द्यायचं की नाही ते तू ठरव. दिलंस आणि होड्या माझ्याकडून करून घ्यायच्या असल्या, तर काठ बावन्नच ठेवीन. त्यांचा शेवटचा आकडा आठ होड्यांचे मिळून सात लाख वीस हजार असा होता.

तुझाच,
दादा