तेलाचा काटा

उस्ताद, तुमचा तेलाचा काटा मला फुकट मिळाला असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. आज सकाळी हत्यारं पुसता पुसता हिशेब करून बघितला. त्याची नळी दोनदा बदलली. काच फुटली तेव्हा घरातल्या गजराच्या घड्याळाची काढून बसवली, त्यावरून बायको आठवडाभर धड बोलली नाही. आणि तो हातात पडायच्या आधी तुमच्याकडं जितकी वर्षं काढली, तितक्या वर्षांच्या रोज सकाळच्या शिव्या. एवढं धरलं तर इंजिनातल्या तेलाचा दाब सांगणारं हे तळहाताएवढं यंत्र माझ्या गॅरेजातली सगळ्यात महाग वस्तू ठरतं, दोन खांबांची लिफ्ट धरूनसुद्धा.

हो, लिफ्ट म्हणालो. तुम्ही गेलात तेव्हा मी लिंबाखाली ताडपत्री बांधून बसायचो. आता जवळा बाजारच्या रस्त्यावर स्वतःच्या जागेत पत्र्याचं मोठं शेड आहे. आणि नाव कशानं झालं म्हणाल, तर कानानं. बाजाराच्या दिवशी रस्त्यानं गाड्यांची रांग लागते. मी रस्त्याकडं पाठ करून चहा पितो आणि न बघता सांगतो, ह्या टेम्पोचा फॅनबेल्ट सैल हाय, त्या जीपचं टॅपेट वाजून राहिलं. लोक पैजा लावतात. माझ्यासारखा तिखट कानाचा मिस्त्री जिल्ह्यात नाही, असं ते म्हणतात आणि मी त्यांना अडवत नाही.

तुमच्याकडं मी शिकायला आलोच नव्हतो. मी ड्रायव्हर होतो, नुकतं मिसरूड फुटलेला, स्वतःला फार समजणारा. नरसीच्या रस्त्यावर मालकाची जीप जाम केली आणि बैलजोडी लावून तुमच्या दारात ओढत आणली. तुम्ही तेलाची पट्टी काढून बघितली. तेल भरपूर होतं. "समोर लाल दिवा लागला व्हता का?" लागला व्हता, म्हणालो. "कशाचा?" किटलीचा, म्हणालो. खरंच सांगतो, तेलाच्या बुधलीचं ते चित्र मला चहाच्या किटलीसारखंच दिसायचं. तुम्ही पानाची पिंक टाकलीत. "काहून रे, गाडी चहा मागून राहिली असं वाटलं काय तुला?" सगळं गॅरेज हसलं. हसणं ओसरल्यावर तुम्ही खाली बसून दाखवलंत: तेल खालच्या टाकीत असतं, पंप ते जाळीतून ओढून वर चढवतो, आणि चढत नसलं की तो दिवा लागतो. मग म्हणालात, "उद्यापासून हितंच ये. मालक काय आता तुला स्टेरिंगला हात लावू देत न्हाई."

पुढं कान तयार झाले तसा मी मिजाशीत आलो. गाडी दारात आली की तुमच्या आधी माझं तोंड उघडायचं. तुम्ही पाना माझ्या खांद्यावर टेकवायचात. "काटा लावल्याबिगर बोलायचं न्हाई. तुझा कान बराबर असंल, पण चुकला तर तकलीफ गाडीवाल्याला." मला वाटायचं, म्हातारा जळतो माझ्या कानावर. शेवटच्या दुखण्यात तुम्ही तोच काटा जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि कुशीवर वळलात.

आज त्याचा हिशेब मांडायला कारण झालं ते एका पिकअपचं. सिद्धेश्वरकडची एक मावशी आहे, मेंढरं पाळते, आसपासच्या गावांतली शेळ्या-मेंढरं गाडीत भरून बाजाराला नेते. भाचा गाडी चालवतो. दिवा लागून राहिला आणि इंजिन ठोकून राहिलं म्हणून ती आधी हिंगोलीला जाऊन आली होती. "तिथला मिस्त्री म्हंतो बेअरिंग गेलं, इंजिन उतरवावं लागंल. त्यापायी अर्धा कळप इकावा लागंल, भाऊ. अन् कळपच अर्धा झाला तर गाडीत काय मी बसू?" मग समोरच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांकडं बघून म्हणाली, "तुमच्या कानाचं लई ऐकलं. बघा बरं ऐकून."

मी बॉनेटवर वाकतो, डोळे मिटतो. ऐकतो आणि सरळ उभा राहतो. "काय म्हंती गाडी?" मावशी विचारते. "थांबा जरा," एवढंच म्हणून मी आत जातो आणि काटा घेऊन येतो.

इंजिनावरचा त्या दिव्याचा स्विच काढून त्या जागी काटा बसवला. इंजिन तापू दिलं. बेअरिंग झिजलं असतं तर रेस दिल्यावर काटा थोडा तरी चढला असता. इथं उलटं. रेस दिली की काटा खाली यायचा. बंद करून घटकाभर थांबलं की पुन्हा वर. मी विचारलं, "मावशी, हिरीतल्या मोटारीच्या पायपाच्या तळाचा फुटवॉल चोंदला तर काय व्हतं?"

"मोटार बोंबलती अन् पाणी येत न्हाई."

"ही तशीच बोंबलून राहिली."

"मंग जाळी धुवा की," ती म्हणाली. भाच्याला अजून कळलं नव्हतं.

खालची टाकी उतरवली. मागं कुणीतरी ती बसवताना पोळीला तूप लावावं तशी फट बुजवायची पेस्ट लावली होती, आणि जास्तीची सुटून तिचे तुकडे काळ्या गाळाबरोबर जाळीत गच्च बसले होते. पंप उघडून गिअरला फट मोजायची फिलर पट्टी लावली, फट बराबर होती. एका बेअरिंगची टोपीही खोलून बघितली, अजून चमक होती. जाळी धुतली, पेस्ट बेतानं लावली, आणि बसवण्याआधी पंपात तेल भरलं, तुम्ही त्याला लेकरासारखं पाजायचात तसं. इंजिन सुरू झालं, काटा चढला आणि रेस दिल्यावरही चढलेलाच राहिला. थोड्या वेळानं ठोकाही गेला. मावशी बघत होती काट्याकडं, पण बाजारात जाऊन तिनं सांगितलं, "नुसतं कान लावून वळखलं." तिचा कळप आहे तेवढाच आहे. गाडी इथून जाते तेव्हा भाचा हॉर्न वाजवतो.

हे पत्र तुमच्या कबरीपाशी वाचावं असं सकाळी मनात होतं. नाही जमणार, तिथं ओळखीचं कुणी ना कुणी असतंच. घडी करून काट्याच्या डब्यात ठेवतो. त्या दिवशी बॉनेटवर वाकलो, तेव्हा मलाही बेअरिंगच ऐकू आलं होतं.